वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, दादाभाऊशेठ!

राग गिळावा म्हणतात. मी गिळून बघितला, पचला नाही. म्हणून दादाभाऊच्या वाढदिवसाला जे झालं, त्याचं मला जराही वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते.

दादाभाऊचं जुन्नरच्या पेठेत कॉम्प्युटरचं दुकान आहे. माझ्या भावाचा, धम्मपालचा, तो दोस्त. मी निमगाव सावाला धम्मपालच्याच घरी राहते आणि बंगल्यांची थ्रीडी चित्रं करते. घर बांधायच्या आधी ते बाहेरून कसं दिसेल, रंग कुठला, गॅलरी कशी, हे मालकाला स्क्रीनवर फिरवून दाखवायचं. आमच्याकडं टोमॅटोला भाव लागला की माणूस आधी बंगल्याचं चित्र मागतो, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. शिनोलीच्या तुळशीदास ठेकेदारांनी तर एका मोठ्या बंगल्याचं काम दिलं. माझा कॉम्प्युटर असल्या कामाला धापा टाकायचा, म्हणून त्यात ग्राफिक्स कार्ड बसवायचं ठरवलं. धम्मपाल म्हणाला, "दादाभाऊकडनंच घे. आपला माणूस हाय." आपल्या माणसानं नवंकोरं खोकं फोडलं, कार्ड बसवलं, स्क्रीन लागलेली दाखवली आणि वर चहा पाजला.

घरी येऊन मी कार्डाचा ड्रायव्हर टाकायला घेतला. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांची बोलणी करून देणारा प्रोग्रॅम. तो नसला तर कार्ड नुसतं शोभेला. निम्म्यावर आला आणि स्क्रीन काळी झाली. बंद करून चालू केला, तर स्क्रीनभर हिरव्या रेघा. सेफ मोडमध्ये जाऊन तो ड्रायव्हर मुळासकट काढला, पुन्हा टाकला. काळी स्क्रीन. त्याच्या आधीचा टाकला. रेघा. विंडोज नव्यानं टाकलं, कार्ड उपसून त्याचे पिवळे दात खोडरबरानं घासले, फुंकर मारली, नमस्कार तेवढा केला नाही. दादाभाऊला फोन केला की एकच पालुपद, "ताई, कार्ड ओके हाय. ड्रायव्हरचा प्रॉब्लेम हाय. रीस्टार्ट मारून बघा."

रीस्टार्ट मारून मारून बोट दुखलं. शेवटी कार्डाची चौकशी करणारा एक प्रोग्रॅम चालवला, तर तो म्हणाला, नाव आणि चिप जुळत नाही. मग मी कार्डाचा पंखाच उघडला. आतली चिप पुसून तिच्यावरचा नंबर वाचला आणि नेटवर शोधला. मी शाळेत होते तेव्हाची चिप! कुणीतरी तिच्या मेमरीत नवीन कार्डाचं नाव भरलं होतं. ड्रायव्हर तिला त्या नावानं हाक मारत होता आणि ती ओ देत नव्हती. देईल कशी?

कार्ड घेऊन दुकानात गेले. दादाभाऊनं चारचौघांत ते उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "पंखा तुमीच उघडला ना ताई? मग वॉरंटी गेली." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण काम कार्डामुळं रखडलं असं मी सांगितल्यावर तुळशीदासांनी त्याला विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं, "कार्ड चांगलं व्हतं वो. बाईनं ड्रायव्हर बिघडवला. न्हाई जमत तर कशाला हात लावायचा?" तुळशीदासांनी काम काढून घेतलं. ठेकेदार एकमेकांशी बोलतात. मग बाकीच्यांचे फोनही बंद झाले. घरी धम्मपाल जेवता जेवता म्हणाला, "दादाभाऊ कशाला फसवंल? तुलाच जमलं नसंल." परक्याचं बोलणं मी सोसलं असतं. ते भावाच्या तोंडून आलं आणि मी ठरवलं, आता याला सोडायचं नाही.

पण करणार काय? भांडायला गेले तर बाई भांडखोर. तक्रार केली तर पंखा कुणी उघडला? मी कार्ड काढून ठेवलं आणि कॉम्प्युटरच्या स्वतःच्या ताकदीवर फ्लेक्स करायला लागले. थ्रीडी त्याला झेपत नव्हतं, फ्लेक्स झेपत होता. जुन्नरच्या एका प्रेसवाल्याकडून व्हॉट्सॲपवर फोटो यायचे, मी डिझाइन करून पाठवायची. ते कोण करतं, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसायचं.

एक दिवस फोटो आला तो दादाभाऊचा. गॉगल, पांढरा शर्ट, कानाला मोबाईल. त्याचा मित्र सोमाजी पेठेतल्या चौकात त्याचा वाढदिवस करणार होता. मी स्क्रीनकडं बघून मोठ्यानं हसले.

आता आमच्याकडच्या फ्लेक्सची गंमत सांगते. तो कुणी वाचत नाही. ज्याचा त्याचा फोटो आहे का, आणि शेजारच्यापेक्षा बारीक तर नाही ना, एवढंच बघतात. मधला मजकूर म्हणजे पदव्यांची खिचडी, तो ठरलेलाच. मी दादाभाऊला मधोमध उभा केला, मागं शिवनेरी किल्ला टाकला, खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो लावले. आणि मजकूर मनापासून लिहिला. सोमाजीचा प्रेसवाल्याकडून निरोप आला, "माझा फोटू जरा मोठा करा." केला. "ओके, छापा." छापला. प्रेसचं काम यानंतर मिळणार नाही, हे मला कळत होतं. कळू दे.

वाढदिवसाला संध्याकाळी मी पेठेतल्या चौकात गेले. पर्समध्ये कार्ड होतं. फ्लेक्स खांबावर दिमाखात लटकला होता आणि लोक त्याच्याखाली उभे राहून सेल्फी काढत होते. धम्मपाल होता, तुळशीदासही होते. एकानंही वर मान करून वाचलं नव्हतं. दादाभाऊ फेटा बांधून केकसमोर उभा राहिला. निवेदकानं माईक हातात घेतला, आणि नेहमीच्या सवयीप्रमाणे फ्लेक्सकडं बघून खड्या आवाजात सुरुवात केली.

"जुन्नर तालुक्याचे संगणकसम्राट, मित्रांचे मित्र, मा. दादाभाऊशेठ यांनी जुन्यापुराण्या ग्राफिक्स कार्डाला नवीन नाव देऊन ते निमगाव सावाच्या यशोधरा यांना नवीन म्हणून खपवल्याबद्दल, व वर ‘बाईनंच ड्रायव्हर बिघडवला’ अशी बोंब ठोकल्याबद्दल..."

आवाज तिथं अडखळला. पण निवेदक जातिवंत, गाडी उताराला लागली होती. "...त्यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या, सवयीनं. मग एकेक मान वर झाली आणि टाळ्या विरत गेल्या. सोमाजीनं आपला मोठा केलेला फोटो बघितला आणि डोक्याला हात लावला.

मी पुढं झाले. कार्ड काढलं, पंखा बाजूला केला आणि तुळशीदासांच्या हातात दिलं. "चिपवरचा नंबर मोबाईलवर टाका भाऊ. कुठल्या सालची निघते बघा." त्यांनी टाकला. बघितलं. दादाभाऊकडं बघितलं.

दादाभाऊनं निवेदकाच्या हातातला माईक हिसकावला. मला शिव्या द्यायला निघाला होता तो. रागानं तोंड लालबुंद झालं होतं, आणि राग आला की माणूस खरं बोलतो.

"आगं ए, तुला एकटीलाच दिलं व्हय तसलं कार्ड? समद्या तालुक्याला तेच दिलंय! कुणी हूं का चूं केलं न्हाई, तूच लई शानी लागून गेली का?"

माईक चालू होता. पेठेच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. आपण काय बोललो हे त्याला शेवटच्या शब्दाला कळलं. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "म्हंजे माझ्या पोरीच्या कॉम्प्युटरमधी बी तेच हाय का रं?" दुसरा म्हणाला, "आन् पतसंस्थेत बसवलंय ते?" माणसं पुढं सरकायला लागली. तुळशीदास माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ताई, उद्या नकाशा पाठवतो." मी म्हणाले, "पाठवा. पण कार्ड पुण्याहून आणा, आणि ते तुम्ही आणायचं." त्यांनी मान हलवली.

धम्मपाल आला. त्याला माझ्याकडं बघवत नव्हतं. "चल घरी," तो हळूच म्हणाला. "लई झालं आता."

"थांब," मी म्हणाले. "केक कापू दे त्याला."

कापावा लागलाच त्याला. एवढ्या लोकांत करणार काय? मी रांगेत उभी राहिले, आणि ज्या तुकड्यावर ‘शेठ’ लिहिलं होतं, तो मागून घेतला.