मिठाच्या पाण्यातलं क्लोरिन

"चपला बाहेर काढ," नंदकिशोर साहेब म्हणाले. आठ महिन्यांनी भेटत होतो आणि पहिलं वाक्य हे.

काढल्या. मुलुंडला बाविसाव्या मजल्यावर त्यांच्या गच्चीत गरम पाण्याचा टब आहे, मिठाच्या पाण्यावर चालणारा. झाकण उचललं तर पाणी हिरवट, आणि वास असा की नाक धरावं. मनात म्हटलं, बरी जिरली.

साहेब येईल त्याला सांगतात, आमच्या टबात क्लोरिन नाही, नुसतं मीठ. अहो, त्या मिठापासूनच मशीन क्लोरिन बनवतं. चार वर्षं हा टब सांभाळताना सांगत होतो, ऐकतोय कोण. दिवाळीत पाहुणे यायच्या आधी पाणी 'शुद्ध' करायला त्यांनी स्वतः क्लोरिन पावडरचा अख्खा डबा ओतला. रिकामा डबा मी पंपामागे पाहिला होता. त्यांच्या मुलीची, ऋताची, पाठ भाजली आणि नाव आलं माझं. सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला, या दशरथला आत सोडू नका. आजूबाजूच्या बिल्डिंगमधली कामंही गेली. भांडुपला आमच्या चाळीत बायका प्रेमाला विचारायच्या, तुझ्या नवऱ्याने पोरीला भाजलं म्हणे?

आता दोन मेकॅनिक हात टेकून गेले, तेव्हा दशरथ आठवला.

"साताला माझे लोक येतायत," साहेब म्हणाले. "त्याच्या आत झालं पाहिजे."

"होईल ना."

मशीनच्या प्लेटांवर पांढरा थर चढला होता, त्यामुळे क्लोरिन बनतच नव्हतं. थर काढला, फिल्टर धुतले, नवं पाणी भरून मीठ घातलं. मग मशीन शंभर टक्क्यांवर ठेवलं आणि झाकण लावलं. या टबाला तीस पुरतं. सातपर्यंत क्लोरिन इतकं साठलं असतं की पाण्यात उतरेल त्याची पाठ लाल झाली असती, आणि दोष मशीनवर गेला असता. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

प्रेमाचा फोन आला, नेहमीच्या मालवणीत. "काय म्हणालो रे तो? माफी मागल्यान?"

"माफी कसली," मी म्हटलं. "आज तोच रडतलो बघ."

तिने फोन ठेवला.

तीनच्या सुमारास मृणालिनी आजी आल्या, साहेबांच्या आई. खांद्यावर टॉवेल, हातात काठी.

"दशरथ, आलास रे बाबा. गुडघ्यांनी जीव नकोसा केलाय. बाकीच्यांनी केलेल्या पाण्यात मी पायसुद्धा घातला नाही. उघड ते झाकण."

"आजी, आज नको. पाणी तयार नाही."

"बरं, उद्या. तू म्हणशील तेव्हा." त्या खुर्चीत टेकल्या. "डबा कोणी ओतला ते काल ऋताने सांगितलं मला. तिने पाहिलं होतं. भीतीने गप्प बसली पोर. थांब, नंदूला बोलावते."

त्या आत गेल्या. मी धावत जाऊन मशीन बंद केलं, झाकण उघडलं. तपासायच्या नळीत टबातलं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. ठीक असेल तर पाणी फिकट पिवळं होतं. ते गडद नारिंगी झालं. टबात ऋता आजीच्याच शेजारी बसायची, हे मला सकाळपासून एकदाही आठवलं नव्हतं. लाजेने कान तापले.

मागून साहेबांचा आवाज आला. आजी त्यांच्या बाजूला उभ्या होत्या.

"दशरथ, तेव्हा... डबा मी ओतला होता. तुझा काही दोष नव्हता. आत्ताच ग्रुपवर तसं लिहिलंय."

आठ महिने हे वाक्य ऐकायला मी तडफडलो होतो. ते ऐकल्यावर काय काय सुनावायचं, तेही पाठ होतं.

"असू दे, साहेब," मी म्हटलं. "आजच्या लोकांना टबात उतरू देऊ नका."

"तू म्हणतोस तसं," ते म्हणाले.

"पाहू रे, काय रंग आलाय," आजींनी हात पुढे केला.

मी नळी मुठीत घट्ट धरली आणि हात पाठीमागे नेला.