बायकॉट नावाचा साहेब

वामनरावांच्या दाढेखाली ‘बायकॉट’ हा शब्द सुपारीसारखा कायम तयार असायचा. कुणी मान वर केली की कडकन फोडायचे. अमडापूरकडच्या त्या गावात निम्मी वावरं त्यांचीच. तिथं ऐन सोयाबीन सोंगायच्या, कापणीच्या दिवसांत तो सोजराबाईवर फुटला. तिचा गुन्हा एवढाच, की आपल्या एकरभर वावरातून तिनं त्यांचा ट्रॅक्टर जाऊ दिला नाही. लगेच चक्कीवाला तिचं दळण घेईना, दुकानदार मीठ देईना, सोंगणीला मजूर मिळेना. असं वाळीत टाकणं कायद्यानं गुन्हा आहे, हे गावाला ठाऊक होतं. पण भित्र्या गावाला कायदा काय चाटायचा आहे?

पेन्शनीत निघालेले चिंतामण सर संध्याकाळी वामनरावांच्या ओसरीवर चहाला बसले होते. सहज म्हणाले, “गंमत सांगू? बायकॉट हे एका माणसाचं आडनाव. आयर्लंडातला साहेब, जमीनदाराचा कारभारी. कुळं नाडली, तेव्हा सगळ्यांनी त्याच्याशी व्यवहारच तोडला. पीक काढायला मजूर नाही, घरात गडी नाही, दुकानात माल नाही.”

वामनरावांची बशी ओठाशीच थांबली. “म्हणजे लहान्यायनं मोठ्याले केलं?”

“हो तर! शेवटी त्याला तिथून जावं लागलं. माणूस गेला, नाव राहिलं.”

सर चहा पिऊन गेले. संशयाचा किडा मागे ठेवून गेले.

सकाळी दयाराम न्हावी उशिरा आला.

“काऊन बे, कोनापाशी बसला होता?”

“म्हैस याली, भाऊ. रेडकू झालं.”

“म्हैस याली का सोजरीनं थांबवलं?”

दयारामनं अर्धी दाढी उतरवून वस्तरा पुसला. ते न बोलणंच वामनरावांच्या डोळ्यांत खुपलं. “चाल नीघ! तुलेबी बायकॉट!” अर्धी दाढी तशीच राहिली.

इकडे त्यांची सोयाबीन वाळून खुळखुळत होती. वावरात ओल, यंत्र फसत होतं. आता सोंगली नाही, तर शेंगा तडकून दाणा मातीत जाणार. संजीवनीची बायांची टोळी त्या दिवशी शेजारच्या गोकुळच्या वावरात होती. वामनराव बांधावर जाऊन उभे राहिले. बाया हसत होत्या. त्यांना बघून गप्प झाल्या.

“काऊन हसून राह्यल्या होत्या?”

“हसाले बी तुम्हाले इचारा लागते का, भाऊ?” संजीवनीनं कपाळाचा घाम पुसला. “उद्या तुमचीच पाळी हाय. येतो आम्ही.”

“उद्या, उद्या! समजते मले. सोजरीनं पढवलं तुम्हाले. येऊच नका! तुमची आख्खी टोळी बायकॉट!”

संजीवनी खरंच दुसऱ्या दिवशी येणार होती. पण संशयी माणसाला खरं ऐकू येत नाही, तो फक्त कुजबुज ऐकतो. चक्कीवाल्यानं पीठ जाडं दळलं, बायकॉट. दुकानदारानं नमस्कार घेतला नाही, बायकॉट. ज्याला त्याला वाळीत टाकता टाकता आख्खं गाव त्यांनी सोजराबाईच्या पंगतीला नेऊन बसवलं. आता भ्यायचं कशाला? कुणाला भीतीच उरली नाही. तिचं दळण चक्कीवर गेलं, आणि तिच्या वावरात संजीवनीची टोळी उतरली.

वामनराव मोटरसायकल घेऊन मजूर शोधत अमडापूरपर्यंत फिरले. ऐन सोंगणीत रिकामा हात कुठं मिळतो? भर दुपारी परतले, तेव्हा सोजराबाईच्या वावरातल्या तुरीच्या ओळींआडून त्यांना बायांचा आवाज ऐकू आला. ते बांधावर थबकले. आपल्याविरुद्धचा कट आता कानानं पकडायचा होता.

एक पोरगी विळा टेकून मोबाईल बघत होती. सोजराबाई तिच्यावर खेकसली, “हात चालव वं! नाई तं तुहा वामनराव करून टाकू सगळ्या मिळून!”

बाया खदखदून हसल्या. बांधावर कोण उभं आहे, हे कुणी पाहिलंही नाही.

मागं त्यांच्या वावरात उन्हानं शेंगा तडतड फुटत होत्या.