टोकाकडे झिजलेला वस्तरा

मित्रांनो, असे मागे सरकू नका! मी एक जुना वस्तरा आहे, पण उगाच कुणाला चावत नाही. पात्यावरचं कारखान्याचं नाव केव्हाच पुसलं गेलं. मला विचाराल तर मी जन्मलो देवळाली कॅम्पात, गोटीराम न्हाव्याच्या हातात.

काय हात होता महाराजा! त्याच्या खुर्चीसाठी जवान बाकड्यावर ताटकळत बसायचे. मिशीचे कोपरे कोरताना तो माझ्या टोकानंच काम करायचा आणि पथरीवर धार लावतानाही टोकच जास्त घासायचा. त्यामुळे मी मुठीकडे रुंद राहिलो, टोकाकडे पार खंगलो. जवान गालावरून हात फिरवत 'वा, उस्ताद!' म्हणायचे, तेव्हा मीच फुगून बसायचो.

मग नव्वदनंतर एड्सची धास्ती पसरली. गिऱ्हाइकं म्हणू लागली, 'नवं ब्लेड लावा.' बरोबरच होतं त्यांचं, पण मला मेलं फार लागलं. गोटीराम माझ्यानं फक्त स्वतःची दाढी करू लागला. पुढे त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, दुकान सुटलं आणि मी डब्यात गंजत पडलो.

त्याची दाढी वाढत चालली, पण तो कुणाला गालाला हात लावू देईना. ओळखीचं कुणी आलं की पांघरूण डोक्यावर घ्यायचा. त्याची मुलगी मंजुषा गंगापूर रोडला पार्लर चालवायची. तिनं घरी न्हावी बोलावला, तर यानं तोंड भिंतीकडे केलं.

"आप्पा, असं काय करता? चार माणसांत बसणारे तुम्ही!" ती रडकुंडीला आली.

"माझा वस्तरा आण," तो कसंबसं बोलला.

तिनं मला चाकू-कात्र्यांना धार लावणाऱ्या रहेमानचाचाकडे नेलं. त्यानं मला सपाट पथरीवर टेकवलं नि चुकचुकला.

"बेटी, हा सारखा नाय झिजलेला. सरळ करायला गेलो तर अर्धं पोलाद जाईल."

"मग टाकून देऊ?"

"टाकायला काय झालं? तिरका हाय तर तिरकाच चालवू."

माझा जीव भांड्यात पडला! त्यानं गंज काढला. मग अरुंद पथरीवर मनगट वळवत, टोकाशी अगदी हलक्या हातानं, माझ्या वाकडेपणाच्या कलानं धार लावली. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवलं.

घरी मंजुषानं मला उकळत्या पाण्यानं धुतलं, आप्पांच्या गालाला फेस लावला.

"तू करणार?" गोटीराम बघतच राहिला.

"दुसऱ्या कुणाला करू देता का? मग मीच करणार."

मी घाबरलो होतो. एकदा रक्त निघालं असतं, तर त्यानं पुन्हा कुणाला जवळ येऊ दिलं नसतं. पहिल्याच फेऱ्यात मी केसांत अडकलो, तो कळवळला. ती थांबली. तेव्हा त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"टोक हलकं धर. लय झिजवलाय मी त्याला तिथं."

मग हात सोडला, डोळे मिटले आणि हनुवटी वर करून उघडा गळा तिच्या पुढ्यात धरला.

मित्रांनो, तुमच्या घरची एखादी वस्तू वाकडी झिजली असेल, तर टाकण्याआधी ती कुणाच्या हाताची आहे एवढं विचारा. कामानंतर पुसून तेलाचं बोटही लावा. मंजुषा न चुकता लावते. दर रविवारी गोटीराम ओट्यावर खुर्ची टाकून बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला गाल पुढे करून सांगतो, "हात फिरवून बघ! आमच्या पोरीनं केलीय!"