मारोतीच्या सदऱ्याचा तुकडा

माझी नात पुनम, तिच्या लेकाचं बारसं झालं ते वर्ष दोन हजार तेवीस. बाळंतपणाला ती माझ्याकडे किल्लारीला आली होती. ती वेबसाइट बनवायचं काम करते. बाळ झोपलं की लॅपटॉप उघडायची. तेव्हाच तिनं आमच्या बचत गटाच्या वाकळांची एक साइट केली. जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे तुकडे जोडून आम्ही वाकळा शिवतो. चाळीस फोटो टाकले. दोन महिने कुणी फिरकलं नाही.

एका दुपारी तिनं फोनमधली वाचून दाखवणारी बाई चालू केली आणि डोळे मिटून साइट ऐकली. बाई म्हणत होती, "चित्र. चित्र. चित्र."

"हे काय गं?"

"आजे, आंधळ्या माणसाला आपली साइट अशीच ऐकू येते. फोटोखाली मी काहीच लिहिलं न्हाई ना. नेटवर शोधणाऱ्या यंत्राचंबी तसंच. लिहिलेलंच त्याला नीट कळतं."

मी सुई खाली ठेवली. माझा धाकटा भाऊ मारोती जन्मापासून आंधळा. भूकंपात आई-बाप गेले, तेव्हा तो तिशीतला. पत्र्याच्या शेडात आम्ही सात जण. घरधनी म्हणाले, आठवा कुठं मावायचा? मी गप्प बसले. एका सकाळी मारोती कुणाच्या तरी जीपमध्ये बसून गेला. नांदेडकडं आहे, एवढंच पुढं कानावर आलं.

"मारोतीकडं असा फोन असंल का गं?"

"असंल की. बोलून शोधतेत ते."

तिनं घाईनं सगळ्या फोटोंखाली एकच लिहिलं, 'सुंदर वाकळ किल्लारी लातूर'. बाई चाळीसदा तेच म्हणाली.

"भूत लागलं का हिला? सरक, मी सांगते काय लिहायचं ते. न्हाई, मीच लिहिते."

"किती दिवस लावशील, आजे?"

"तुझं लेकरू रांगंस्तोवर उरकते."

अक्षरं मी पन्नाशीत शिकले, पुनमच्याच पाटीवर. पण कुठला तुकडा कुणाच्या अंगावरचा, हे वाकळ शिवणारीला पाठ असतं. तेच लिहीत गेले. शेवटची वाकळ विकायची नव्हती. तिच्याखाली लिहिलं: 'मध्ये आईचं लाल लुगडं. उजव्या कोपऱ्यात हिरवा जाड तुकडा, माझा भाऊ मारोती याच्या सदऱ्याचा. त्याला मी ठेवून घेतलं नाही. ही वाकळ त्याची.'

गिऱ्हाइकं यायला लागली. मारोतीचं विचारलं की पुनम नाही म्हणून मान हलवायची. लेकरू चालायला लागलं, ती सासरी गेली. मग थंडीत साइटवरच्या माझ्या नंबरावर फोन आला.

"अक्का, सदरा हिरवा व्हता का गं? मला कुणी सांगितलंच न्हाई."

"मारोती! कुठं हाईस रं?"

"बिलोलीत हाय मी. थंडी लई पडली. फोनला इच्यारलं, किल्लारीची वाकळ कुठं मिळंल? त्यानं तुझं समदं वाचलं."

"राग हाय का रे?"

"हाय की. वाकळ घिऊन ये, मग सांगतो."

गेले. त्यानं कोपरा चाचपला, बरोबर तुकड्यावर बोटं थांबली. "टाके अजून वाकडेच घालतीस," म्हणाला आणि हसला. रागाचं काही बोलला नाही. मी घरी चल म्हणाले, तर वाकळ पायांवर ओढून घेत म्हणाला, "आता कशाला, अक्का?"

आता घरात जागा आहे. त्याच्यासाठी खाट घालून ठेवली होती.

मारोती दोन हजार पंचवीस साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बिलोलीत वारला.