आतली वाळू

"आप्पा, आता तो दुसरा गोळा डाव्या स्टुलावर ठेवा."

रुद्राप्पांनी पहिला गोळा मोठ्यानं कण्हत बाहेर नेला, दुसरा तितकंच कण्हत आणून ठेवला. त्यांच्या लेकीला, शांभवीला, गोळ्यांना हात लावायची बंदी होती. "कंबर धरंल तुझी," असं म्हणून ते तिला जवळ येऊ देत नसत.

उचगावातल्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत आठ महिने कुणी पंखा लावला नव्हता. छतापासून केसाएवढी तांब्याची तार लोंबत होती, तिला आडवी काडी, काडीच्या दोन टोकांना शिशाच्या लहान गोळ्या आणि मधोमध आरसा. मोठा गोळा जवळ आला की लहान गोळी त्याच्याकडं जराशी ओढली जायची आणि आरशातून भिंतीवर पडलेला लेझरचा लाल ठिपका सरकायचा. किती सरकला, त्यावर शांभवीचा बी.एस्सी.चा प्रकल्प उभा होता. उद्या सर बघायला येणार होते, आणि घरच्या सामानावर हे जमत नसतं, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

तीस वर्षं फौंड्रीत साचे भरलेल्या रुद्राप्पांचाही विश्वास नव्हता. "चुंबक न्हाय, काय न्हाय. शिसं कशाला खेचतंय?" तरी नऊ-नऊ किलोचे दोन्ही गोळे त्यांनीच ओतून दिले होते.

सकाळी डाव्या बाजूच्या गोळ्यानं ठिपका हिशेबाइतका सरकला होता. उजवीकडच्यानं मात्र दोन तृतीयांशच. काडीची उजवी बाजूच बिघडली असेल, तर सगळं मुसळ केरात. म्हणून उजवा गोळा तिनं डावीकडं ठेवायला लावला होता.

तासाभरानं ठिपका स्थिरावला. शांभवीनं उंबऱ्यातून आकडा वाचला, पुन्हा वाचला. दोन तृतीयांशच! बाजू चांगली होती, उणेपणा गोळ्याबरोबर फिरत होता. ती तडक उठली आणि बंदी मोडून तिनं गोळा उचलला.

"आप्पा, ह्यात काय हाय?"

रुद्राप्पा चुळबुळले.

"शिसं सरलं गं. मग आत वाळू भरली. पोकळ ओतायची सवयच हाय की आमाला. भाईरनं काय दिसतंय, म्हटलं."

"म्हणून दोन्हीला सारखंच कण्हत हुतासा व्हय?"

ते रिकामं स्टूल सरळ करू लागले. शांभवीला मात्र आनंदानं काय करू नि काय नको असं झालं होतं.

"आप्पा, माझा काटा चुकला न्हाय! हे सहा किलो भरंल. चला, मोजूया."

बाळासोच्या किराणा दुकानात गोळा तराजूत पडला. सहा किलो, वर शंभर ग्रॅम.

"लांब उंबऱ्यात बसून वजन सांगितलं पोरीनं," रुद्राप्पा म्हणाले. "लहान गोळीला खेचतंय की हे."

"चुंबक हाय?" बाळासोनं विचारलं.

"न्हाय. शिसंबी खेचतं," रुद्राप्पांनी त्याला असं ऐकवलं, जणू हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

वाटेत ते म्हणाले, "आजच फोडून नवा ओततो."

"नको. सरांना हाच दाखवते. आधी ठिपक्यावरनं मी आकडा सांगणार, मग वजन त्यांनीच करायचं."

रुद्राप्पा थांबले. तीस वर्षांत त्यांचं एकही काम गिऱ्हाइकाकडून परत आलं नव्हतं.

"म्हंजे माझी लबाडी सगळ्यांम्होरं."

शांभवीचा चेहरा उतरला. "मग ऱ्हाऊ दे, आप्पा."

त्यांनी गोळा एका हातावर घेतला. ह्या वेळी कण्हले नाहीत.

"दाखव. पण वाळू माझ्या बापानं भरली, असं आधी सांग. न्हायतर म्हणतील, पोरीनंच केलं."