पाय तयार, पेपर नापास

त्या घरात पहाट स्टॉपवॉचनेच व्हायची. मुलीला सैन्यात अधिकारी व्हायचं होतं, म्हणून सारं घर कामाला लागलं होतं. ती पळायची, वडील स्कूटरवरून मागोमाग वेळ मोजत जायचे आणि आई दारात दूध घेऊन उभी असायची. एवढी जय्यत तयारी. पण दमलेली लेक वर्गात मागच्या बाकावर झोपते, हे कोणाच्या गावीही नव्हतं!

मग सहामाहीचा निकाल लागला. गणित आणि भौतिकशास्त्र, दोन्हींत नापास. हे विषय तिने घेतले तरी का? कारण शेजारच्या नानांनी सांगितलं होतं, की फौजेत गणितवाल्यांनाच मान असतो. नानांचा फौजेशी संबंध सिनेमापुरता. तिचा जीव भूगोलात रमायचा, पण तो घेतला असता तर लोक काय म्हणाले असते? वाचकहो, आपल्या मुलांचे विषय हे 'लोक' ठरवतात आणि पेपर लिहायला मात्र त्यांतला एकही येत नाही.

आता वर्ष गेलं तर पदवी लांबणार होती, आणि अर्जाची वयोमर्यादा कोणासाठी थांबत नाही. मुलीच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी वडील तिला वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मेजरबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी काही वर्षं निवड मंडळावर काम केलं होतं.

वडिलांनी आधी अभिमानाने पळण्याची वेळ सांगितली. बाईंनी ती ऐकून घेतली आणि मुलीला गुण विचारले. मुलीने दोन्ही विषयांत नापास झाल्याचं सांगितलं, आणि ते विषय शेजारच्या नानांच्या सांगण्यावरून घेतल्याचंही.

"मंडळासमोर यायचं तर आधी चांगल्या गुणांची पदवी हवी," मेजरबाई म्हणाल्या. "तुला हव्या त्या भरतीत विषयाची अट नाही. मी स्वतः इतिहास घेऊन गेले होते. समोर बसलेल्याला मी हमखास विचारायचे, हा विषय का घेतलास? 'शेजारचे म्हणाले' असं सांगणाऱ्याच्या हाती तीस माणसं कशी सोपवायची?"

वडिलांचा चेहरा उतरला. आता विषय बदलणं म्हणजे माघार नाही का, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"वाट चुकली हे कळूनही तुकडी तशीच पुढे नेणारा अधिकारी मी तरी निवडला नसता."

दुसऱ्या दिवशी बापलेक कॉलेजच्या कार्यालयात गेले. विषय बदलायला आठवडाअखेरपर्यंत मुभा होती. बुडालेला अभ्यास तेवढा भरून काढायचा होता. वर्ष वाचलं! वडील कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसले. त्या रात्री मुलगी पोटभर जेवली.

पुढे पळणं एक दिवसाआड झालं. मुलगी वर्गात जागी राहू लागली आणि वार्षिक परीक्षेत भूगोलात दुसरी आली.

नानांनी फाटकापाशी वडिलांना गाठलंच. मुलीने माघार घेतली म्हणे, असं त्यांनी खोचकपणे विचारलं.

"जायचंय तिथेच जायचंय, नाना," वडील म्हणाले. "फक्त या वेळी नकाशा तिचा तिने वाचलाय."

आईबापांनो, मुलांची धाव जरूर मोजा. पण त्यांनी कोणत्या वाटेने धावावं, हे शेजाऱ्याला विचारण्याआधी एकदा त्यांना विचारा.