ताईंच्या हातचं ड्रेसिंग

चष्मेवाल्या बाईंच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि एवढ्या काळात नवऱ्याने त्यांच्या हातच्या कुठल्याही पदार्थाला 'छान' म्हटलेलं नव्हतं. वाईटही म्हटलेलं नव्हतं. तेवढा अन्याय त्यांनी कधी केला नाही. घास तोंडात टाकायचा, छताकडे बघायचं, 'हं, सुधारणेला वाव आहे' असं म्हणायचं आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

यात त्यांचा तरी काय दोष? ते वाहन परवान्याचे परीक्षक होते. शेजारच्या सीटवर बसून थरथरत्या माणसांना नापास करायचं, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. काही माणसं ऑफिस ऑफिसातच ठेवून येतात. परीक्षक ते डब्यातून रोज घरी आणायचे. घरात त्यांना सगळे परीक्षकच म्हणत, अर्थात ते घरात नसताना.

बाईंचं दुकान चष्म्याचं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत त्या विचारायच्या, "आता बरं दिसतंय, की मगाशी?" आणि अनोळखी माणसं त्यांना प्रामाणिकपणे उत्तरं द्यायची. संध्याकाळी घरी आलं की हे सुख संपायचं.

परीक्षकांच्या कडक शिस्तीला अपवाद एकच, त्यांची थोरली बहीण. ताईंकडे जेवायला गेलं की सॅलडवर एक आंबटगोड ड्रेसिंग असायचं, आणि ते जिभेला लागताच परीक्षक डोळे मिटून 'वा' म्हणायचे. एकदा नाही, दर घासाला. मग परतताना गाडीत, मागच्या सीटवरच्या लेकीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे, "शिकून घ्यायला हवं कुणीतरी."

तर त्या रविवारी ताई जेवायला येणार होत्या आणि बाईंनी ठरवलं होतं, आज ड्रेसिंग आपणच करायचं. आज 'छान' वसूल झालं पाहिजे. 'वा' नको. 'वा'ची हाव त्यांना नव्हती. साधं 'छान'.

जॅमची रिकामी बाटली त्यांनी कढत पाण्याने धुऊन कोरडी केली. दोन लिंबं पिळली, बिया वेचल्या. रस जेवढा, तेवढाच मध. चमचाभर मोहरी कुटून घातली, लसणाची एक पाकळी किसली, मीठ, मिरपूड. रसाच्या दुप्पट तेल ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि बाटली हलवायला सुरुवात केली.

"नुसतं हलवायचं?" लेकीने विचारलं. ती कॉलेजात जायची आणि स्वयंपाकघरात फक्त मतं द्यायला यायची.

"नुसतं हलवायचं."

"एवढंच? मग बाबा आत्याकडे डोळे मिटून बसतात ते कशासाठी?"

"ते तुझ्या आत्याला विचार."

तेलाचा तवंग मोडला, बाटलीतलं सगळं दाट, पिवळसर, एकजीव झालं. बाईंनी काकडीची चकती बुडवून लेकीला दिली. लेकीने ती खाऊन टाकली. तिने दुसरी चकती स्वतःच बुडवली. तेवढ्यात परीक्षक दारात उगवले. वास घेतला, बोटाच्या टोकावर थेंब घेतला, छताकडे पाहिलं.

"ताईसारखं नाही झालं," ते म्हणाले.

"काय कमी आहे?"

"ते असं सांगता येत नाही. हाताची गोष्ट असते ती." आणि हाताची गोष्ट समजावण्यासाठी त्यांनी आणखी एक थेंब घेतला.

ताई आल्या. आल्या त्या थेट स्वयंपाकघरात, मदतीच्या नावाखाली. कोबी, गाजर, काकडी परातीएवढ्या काचेच्या वाडग्यात चिरून ठेवलेली होती. ताईंनी बाटली उचलली, उजेडात धरली, हळूच चमच्याने चाखली आणि दार लोटून घेतलं.

"घरी केलंस हे?"

"हो. तुमच्यासारखं नाही जमलं, असा निकाल लागलाय."

"काय काय घातलंस?"

बाईंना नवल वाटलं. "तुम्हाला ठाऊक नाही? तुम्ही तर कायम करता."

ताईंनी ओट्याला टेकून उसासा सोडला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. "कसली करते, बाई! कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली आणायची, लेबल खरवडायचं आणि बरणीत ओतायचं. आता दुकानदार म्हणतो, ते यायचं बंद झालं. पुढच्या महिन्यात तुम्ही सगळे माझ्याकडे, आणि मी घालू काय पानात, डोंबल?"

बाई बघतच राहिल्या. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"पहिल्यांदा सांगणारच होते गं. पण तो 'वा' म्हणाला. आमच्या घराण्यात कुणी कुणाला कधी 'वा' म्हणालंय? आमच्या वडिलांनी माझा पहिला नंबर आला तेव्हा विचारलं होतं, वर्गात मुलं किती? मला तो 'वा' सोडवेना."

यावर रागवावं असं बाईंच्या फार मनात होतं. पण राग येईना. कौतुकाला महाग झालेलं माणूस ओळखू येतं, त्याला भिंगं लावावी लागत नाहीत.

"कृती देते," बाई म्हणाल्या. "पण फुकट नाही. जेवताना सर्वांसमक्ष म्हणायचं, माझ्यापेक्षा हिचं छान झालंय."

"एवढंच? अगं, खरंच आहे ते."

जेवायला बसल्यावर ताईंनी शब्द पाळला. पहिलाच घास घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माझ्यापेक्षा हिचं छान झालंय."

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. परीक्षकांचा हात वाडग्याजवळच थांबला. त्यांचा चेहरा हळूहळू मऊ झाला, डोळ्यांत पाणी तरळलं. बाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"बघ," परीक्षक लेकीला म्हणाले, "याला म्हणतात मनाचा मोठेपणा. स्वतःच्या हाताला एवढी चव असताना दुसऱ्याला मोठं म्हणायचं. आत्याकडून शीक."

लेकीला ठसका लागला. ताईंनी चमचा खाली आपटला.

"अरे, कसला मोठेपणा? माझं ड्रेसिंग बाटलीतलं होतं. दुकानातलं. विकतचं!"

परीक्षकांनी छताकडे पाहिलं. बहीण, बाटली आणि 'वा' यांची त्यांनी मनातल्या मनात पुन्हा एकदा मांडणी केली असणार, कारण जरा वेळाने ते शांतपणे म्हणाले, "दुकानात बाटल्या ढीगभर असतात, ताई. त्यातली नेमकी कुठली उचलायची, याला पारखी नजर लागते."

एवढं बोलून त्यांनी पावाच्या तुकड्याने वाडगा पुसायला घेतला. अगदी कडेपासून तळापर्यंत, गोलगोल, गाडी वळणातून काढावी तशा निगुतीने. "आणखी आहे का गं?"

"संपलं," बाई म्हणाल्या, आणि आत गेल्या. मागोमाग ताई गेल्या. अर्धी बाटली भरलेली होती. दोघींनी पाव मोडला आणि उभ्या उभ्याच खायला लागल्या.

"थोडं असेल तरी चालेल," बाहेरून आवाज आला. "तळाचं असलं तरी."

"बाबा, नापास झालेलं कशाला पुन्हा मागवताय?" लेकीने विचारलं.

"फेरचाचणी घ्यावी लागते. नियमच आहे तसा."

"पण फेरचाचणीला आठवडाभर थांबावं लागतं ना?"

यावर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि परीक्षक पावाचा तुकडा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी बाटली पाहिली, बहिणीचं भरलेलं तोंड पाहिलं.

बाईंनी बाटली पाठीमागे नेली. "आधी म्हणा."

"काय म्हणू?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"बरं झालंय."

बाईंनी झाकण लावलं.

"वाईट म्हणण्यासारखं नाही."

झाकणाला आणखी एक पीळ बसला.

"अरे, म्हण की लेका," ताई ओरडल्या, "जीभ झडत नाही! मी म्हटलंय मघाशी, धडधाकट उभी आहे."

परीक्षकांनी तुकड्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं. मग खांबाला गाडी ठोकलेल्या उमेदवाराला वरून फोन आल्यामुळे पास करावं लागावं, तशा स्वरात म्हणाले, "छान झालंय."

बाईंनी त्यांच्या पावावर एक चमचा ओतला. ठरल्याप्रमाणे शब्द मिळाला, ठरल्याप्रमाणे माल दिला. आता घशाशी काहीतरी दाटून येईल, म्हणून त्या क्षणभर थांबल्या. काही दाटलं नाही. इतकी वर्षं वाट पाहिलेला शब्द तो हाच. जवळून पाहिला तर बेताचाच निघाला.

"लिंबू जरा जास्त झालंय का गं?" परीक्षक चावता चावता म्हणाले.

"असेल," बाई म्हणाल्या, आणि मध कधी घालायचा ते ताईंना सांगू लागल्या.